बिऱ्हाड कोठे मांडावे?

परदेशी जाणारा मराठी माणूस पूर्वी बहुधा एकटा जात असे. रत्नागिरीच्या खाडीकाठचा खलाशी बोटीवर चढला काय किंवा रायगडातील कारागीर आखातात गेला काय, त्याचे घर गावीच राही. बायको-मुले, म्हातारे आईवडील, जमिनीचा तुकडा आणि सणवार हे सारे मागे असे. पुढे असे ती केवळ कमाई. त्याच्या निर्णयाचे गणितही त्यामुळे सोपे होते. परका मुलूख मजुरी किती देतो आणि तीतून घरी किती पाठविता येते, एवढाच प्रश्न. मुंबईच्या गिरणीत आलेल्या चाकरमान्याचे गणित याहून निराळे नव्हते. फरक होता तो अंतराचा.

आज पुणे, ठाणे वा नाशिक येथून जे तरुण जोडपे परदेशी निघते ते बहुधा बिऱ्हाडासह निघते. एखादे मूल बालवाडीत असते. ते निजल्यावर रात्री कागदावर तक्ता मांडला जातो. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई अशी वर नावे आणि डाव्या हाताला पगार, कर, घरभाडे, शिल्लक अशा ओळी. हा तक्ता चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. त्या त्या देशात राहण्याचा हक्क कुटुंबातील प्रत्येकाला केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळणार, ही ओळ त्यात बहुधा नसते. वस्तुतः मुले लहान असताना देश निवडायचा तर हीच ओळ पहिली असावयास हवी.

प्रवाह आणि साठा

स्थलांतर ही एक गुंतवणूक आहे, ही कल्पना अर्थशास्त्रात नवी नाही. लॅरी स्याश्टाड यांनी १९६२ मध्ये ती व्यवस्थित मांडली. आज सोसलेल्या खर्चाच्या बदल्यात पुढील अनेक वर्षांत मिळणारा लाभ, असा तिचा सारांश. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये याच विचाराला कुटुंबाची जोड दिली. पती-पत्नींच्या एकत्रित लाभाकडे पाहून कुटुंब हलते. त्यात दोघांपैकी एकाचे नुकसान होत असले तरी एकूण बेरीज वाढते म्हणून तो दुसऱ्याच्या मागे जातो. ही ओढली जाणारी व्यक्ती बहुतेक घरांत कोण असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या मांडणीत एक भेद ठळक करावयास हवा. पगार हा प्रवाह आहे, तर मुक्कामाचा हक्क हा साठा आहे. नोकरी गेली की प्रवाह आटतो; हक्क हाती असेल तर माणूस दुसरी नोकरी शोधेपर्यंत त्याच घरात राहतो आणि मूल त्याच शाळेत जात राहते. हक्क नसेल तर नोकरीबरोबर घर आणि शाळा ही दोन्ही जातात. अमेरिकेत एच-१बी परवान्यावरील माणसाची नोकरी सुटल्यास दुसरी मिळविण्यासाठी त्याला साधारणतः ६० दिवसांची सवलत मिळते. साठ दिवसांत नोकरी मिळेलही. परंतु ज्याच्या मुलाचे शालेय वर्ष अर्ध्यावर आहे, त्याच्या दृष्टीने ही मुदत म्हणजे टांगती तलवारच होय.

या साठ्याचे मोल काय, हे इतिहासाने दोनदा तरी कठोरपणे दाखवून दिले आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने आणि घरे मागे राहिली. कोणी कोठे उतरावयाचे हे कष्टाने वा संपत्तीने ठरले नाही. ते हातातील पारपत्राने ठरविले. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांतील कित्येकांचे पगार उत्तम होते. तक्त्यातील शिल्लक बँकेतच राहिली आणि कुटुंबे हातातील सामानानिशी मुंबईच्या विमानतळावर उतरली.

मुलीच्या वयाचे माप

उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करू. वडील ३४ वर्षांचे, संगणक अभियंता. आई ३२ वर्षांची, दंतवैद्य; पुण्यात स्वतःचा दवाखाना नुकताच जम धरू लागलेला. मुलगी ५ वर्षांची. प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारावा : ही मुलगी किती वर्षांची झाल्यावर तेथे निर्धास्त होईल?

अमेरिकेचे उत्तर सर्वांत अनिश्चित आहे. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात. त्यांत पत्नी आणि मुलेही मोजली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत. भारतासारख्या मोठ्या देशाची आणि एखाद्या चिमुकल्या बेटाची मर्यादा एकच. परिणाम असा की, २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील भारतीयांच्या रांगेत २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा क्रमांक लागत होता. आज जो रांगेत उभा राहील त्याच्यापुढे याहून कितीतरी मोठी गर्दी आहे. आणि मुलगी २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या परवान्यावरील तिचा आधार संपतो. २००२ च्या एका कायद्याने अर्जाच्या तपासणीस लागलेला काळ तिच्या वयातून वजा होतो. रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. बालवाडीपासून अमेरिकेत वाढलेल्या मुलीला अशा रीतीने ऐन तारुण्यात विद्यार्थी-परवाना काढून स्वतःच्याच गावात परदेशी म्हणून राहावे लागते, नाही तर जो देश तिला नीट आठवतही नाही तेथे परतावे लागते. कित्येक घरांत तर थोरले भावंड पुण्यात जन्मलेले म्हणून परके आणि धाकटे न्यू जर्सीत जन्मलेले म्हणून नागरिक, अशी एकाच ताटाभोवती दोन देशांची वाटणी झाली आहे.

दंतवैद्य आईचे काय? पतीचा ग्रीन कार्डाचा मूळ अर्ज मंजूर झाल्यावरच पत्नीला काम करण्याची परवानगी मागता येते. ही सवलतही २०१५ पासूनची. शिवाय बहुतेक राज्यांत परदेशी दंतवैद्याला तेथील दंत महाविद्यालयात पुन्हा काही वर्षे शिकावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने शुल्कापेक्षा रांग हीच मोठी अडचण आहे, आणि ती जुनी आहे.

कॅनडाचे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. १९६७ मध्ये त्या देशाने वर्ण आणि वंश बाजूस सारून गुणांकनाची पद्धत स्वीकारली; २०१५ पासून तीच ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या रूपाने चालते. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण पुरेसे भरले तर सारे कुटुंब कायम रहिवासी म्हणूनच उतरते. मुलगी पहिल्या दिवसापासून निर्धास्त. पाच वर्षांतील १,०९५ दिवस तेथे काढले की आईवडील नागरिकत्व मागू शकतात आणि त्यांच्याबरोबर मुलगीही. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. पत्नीवर कामाचे बंधन नाही, मात्र दंतवैद्यकाच्या परीक्षा तिलाही चुकत नाहीत. टोरांटो आणि व्हँकूवर येथील घरांच्या किमती पाहिल्या म्हणजे हा हक्क स्वस्त नाही, हेही ध्यानात येते.

ऑस्ट्रेलियाची पद्धत कॅनडासारखीच गुणांची. १९७३ मध्ये गोऱ्यांपुरते दार उघडे ठेवण्याचे धोरण अखेर संपुष्टात आले आणि पुढे कौशल्याला महत्त्व आले. तेथे अर्जदार ४५ वर्षांच्या आतील हवा. वयाच्या २५ ते ३२ या टप्प्यात ३० गुण मिळतात, ३३ व्या वर्षी त्यांतील ५ जातात आणि चाळिशीत आणखी १०. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून इतरत्र स्थायिक होण्याची तयारी दाखविल्यास अधिक गुण मिळतात. अॅडलेड आणि पर्थ यांसारखी शहरेही या सवलतीत बसतात. मात्र या मार्गाने पहिला परवाना तात्पुरता असतो, कायमचा हक्क तीन वर्षांनंतर मागता येतो. एक अट मात्र प्रत्येक पालकाने आधी वाचावयास हवी. कुटुंबातील एखाद्याच्या आजारावर वा अपंगत्वावर सरकारचा खर्च ठराविक मर्यादेपलीकडे जाईल असे दिसल्यास साऱ्या कुटुंबाचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. ज्या घरात विशेष काळजीचे मूल आहे, त्या घराने नोकरी सोडण्यापूर्वी याचा तपास करावा.

जर्मनीचे उत्तर मध्यम आहे, पण निश्चित आहे. ब्लू कार्डावर आलेल्या कुशल माणसाला जर्मन भाषा बऱ्यापैकी अवगत असल्यास २१ महिन्यांनी, अगदी प्राथमिक येत असल्यास २७ महिन्यांनी कायमचा मुक्काम मागता येतो. २०२४ च्या कायद्याने नागरिकत्वाची मुदत ८ वर्षांवरून ५ वर आली. पत्नीला पहिल्या दिवसापासून काम करण्याची मुभा आहे. सरकारी शाळेला फी नाही, आणि २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे दरमहा २५५ युरो बालभत्ता होता. पगार अमेरिकेहून कमी आणि कर जास्त म्हणून तक्त्यात जर्मनी खाली जाते. परंतु तो कर शाळा, आरोग्य आणि भत्ता या रूपाने घरी परत येतो, हे तक्ता दाखवीत नाही.

येथे मुलीचे वय पुन्हा पुढे येते. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. विद्यापीठाकडे नेणारी शाळा त्यांतील एक. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे ही विभागणी सहावीनंतर होते. पाचव्या वर्षी गेलेल्या मुलीला भाषा आत्मसात करण्यास पाच वर्षे मिळतात. तीच मुलगी नवव्या वर्षी गेली तर एका वर्षात परक्या भाषेतील गुणांवर तिचा मार्ग ठरण्याची भीती असते. पुढे मार्ग बदलता येतो, पण तो चढ सोपा नाही. तेव्हा जर्मनी चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. मूल किती वर्षांचे असताना, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

आखाताचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचे सुवर्ण परवाने सुरू केले, तथापि सामान्य नोकरदाराला नागरिकत्वाचा मार्ग तेथे नाही. मात्र म्हणून आखात त्याज्य ठरत नाही. पगारावर आयकर नाही, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि मुंबई काही तासांच्या अंतरावर आहे. ज्या कुटुंबाने दहा वर्षांत परतण्याचे मनाशी पक्के केले आहे, त्याला कदाचित आखातच सर्वांत सोयीचे. कारण मुलीचा अभ्यासक्रम तुटत नाही. परतण्याचा निर्णय लांबणीवर टाकीत राहणाऱ्यांना मात्र तेथे पन्नाशीत पुन्हा बिऱ्हाड बांधावे लागते.

हाती आलेला हक्क, वाटेवरचा हक्क

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कायदे तर रोज बदलतात. मग आजच्या नियमांवर वीस वर्षांचा बेत कसा आखावा? आक्षेप रास्त आहे. कॅनडाने २०२५ साठी ठरविलेला ५ लाख नव्या रहिवाशांचा आकडा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणला. जर्मनीने तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची विशेष वाट २०२४ मध्ये उघडली आणि २०२५ मध्ये बंद केली. ब्रिटनने २०२४ च्या मार्चपासून वृद्धसेवेतील परदेशी कामगारांना कुटुंब आणण्यास मनाई केली आणि कायम वास्तव्यासाठी लागणारी सर्वसाधारण पाच वर्षांची मुदत दहावर नेण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आणला.

परंतु या उदाहरणांकडे नीट पाहिले तर त्यांतून एक नियम हाती लागतो. सरकारे वाटेवरचा हक्क सहज बदलतात. हाती आलेला हक्क क्वचितच काढून घेतात. गोमंतकीयांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येते. त्या पारपत्रावर हजारो गोवेकर इंग्लंडात गेले. स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ही वाट बंद झाली. त्यापूर्वी तेथे राहू लागलेल्यांना वास्तव्याचा हक्क नोंदवून टिकविता आला. जे ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत थांबले त्यांच्यासाठी तेच पारपत्र इंग्लंडच्या दारापुरते निरुपयोगी ठरले. म्हणून पाच वर्षांनी देण्याचे आश्वासन आणि उतरतानाच दिलेला हक्क यांची किंमत सारखी धरता येत नाही. व्यापारी उधारीला आणि रोखीला एकच भाव लावीत नाही. पालकांनीही लावू नये.

देशाच्या आत गाव

देश ठरला म्हणजे निवड संपली असे नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी, नेथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, गरीब वस्तीतून बऱ्या वस्तीत तेराव्या वर्षापूर्वी गेलेल्या मुलांचे विशीतील उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना तसा लाभ झाला नाही. हा अभ्यास एकाच देशातील गरीब कुटुंबांचा आहे, त्याचे निष्कर्ष स्थलांतरितांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही वस्ती आणि वय यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो. अमेरिकेत सरकारी शाळेचा बराचसा पैसा त्या त्या भागाच्या मालमत्ता करातून येतो, म्हणून घर निवडणे म्हणजे शाळा निवडणेच होय.

गाव निवडताना आपल्या माणसांचा विचार करणे हा काहींना कमीपणा वाटतो. तो तसा नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. ही मंडळे केवळ गणेशोत्सवापुरती नसतात. आई परीक्षेला बसली असता मुलीला दोन तास कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर सरकारी कचेरीत मिळत नाही. ते शेजारच्या ओळखीच्या घरात मिळते.

मागचे दोर

अखेरीस मागे राहणाऱ्यांचा हिशेब. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परके पारपत्र घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. २००५ च्या दुरुस्तीनंतर प्रवासी भारतीय नागरिक हा दर्जा घेता येतो. त्यावर येणे-जाणे आणि राहणे शक्य होते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र राखता येते. वृद्ध आईवडिलांना कॅनडा २०२२ पासून विशेष परवान्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देते. निवृत्तिवेतनाचाही प्रश्न आहे. जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. तेथे सुमारे दहा वर्षे वर्गणी भरल्यावाचून निवृत्तिवेतनाचा हक्क लागत नाही, आणि आठव्या वर्षी परतणाऱ्याची ती रक्कम बुडते.

या सर्वांतून अमेरिकेला जाऊ नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथील संशोधन, वेतन आणि संधी यांना तोड नाही, आणि एकट्या तरुणाला वा निपुत्रिक जोडप्याला रांगेची भीती बाळगण्याचे कारण नाही. पाच वर्षांच्या मुलीसह जाणाऱ्यांना मात्र आहे. आणि त्यांनी ते जाणूनच जावे. तक्ता मांडणे सोडू नये, फक्त त्यातील ओळींचा क्रम बदलावा. प्रथम मुलगी कोणत्या वर्षी निर्धास्त होईल ते लिहावे. त्याखाली आईचा व्यवसाय किती वर्षे बंद राहील आणि तो पुन्हा उभा राहील की नाही ते. वडिलांचा पगार त्यानंतर. पगाराचे आकडे दरसाल बदलतील आणि बरेचदा वाढतीलच. मुलीचे बालपण मात्र एकाच मुक्कामी एकदाच घडणार आहे, आणि त्या मुक्कामाला उद्या आपले घर म्हणता येईल की नाही, हे तिच्या वतीने आज दुसरेच कोणी ठरवीत आहे.